टेकडीचा श्वास

टॅनर्स गॅप, पेनसिल्वेनिया
६ नोव्हेंबर १९३३

प्रिय इरमा मावशी,

तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. यांकोने ते आधी हातात घातले, मग कानावर, आणि आता एकदाचे पायात घातलेत. आई म्हणाली, मावशीचे आभार मान. मानले. आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. हे आईला ठाऊक नाही. टपाल दुकानातून मीच आणते, तेव्हा तू मोकळेपणाने लिही.

मावशी, आमची टेकडी श्वास घेते.

हसू नकोस. मोठी खाण बंद पडल्यापासून गावातली माणसं टेकडीवर बिळं खणून कोळसा काढतात, तू इथे होतीस तेव्हाही काढायची. आता तर इतकी बिळं झालीत की चालताना खाली बघून चालावं लागतं. पण मी सांगते ती जागा वर आहे, बर्चच्या झाडांपलीकडे. तिथे आता कुणी खणत नाही. एक जुनं बीळ ढासळलंय आणि दगडांमध्ये एक फट राहिलीय, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी. गेल्या आठवड्यात सगळीकडे पांढरं दहिवर पडलं होतं आणि त्या फटीभोवती मात्र हिरवंगार शेवाळ! हात धरला तर आतून ऊबदार वारा येतो. संथपणे. झोपलेलं माणूस सोडतं ना, तसा. वास ओल्या पाटीसारखा.

यांको म्हणतो, आत राक्षस झोपलाय. मी म्हटलं, राक्षस असता तर घोरला असता. तो म्हणाला, चांगला राक्षस आहे, घोरत नाही. सहा वर्षांच्या मुलाशी काय वाद घालायचा! पण मलाही तिथे बसलं की बरं वाटतं. का ते सांगता येत नाही. कान लावला की आपल्या डोक्यातला सगळा गलका थांबतो.

आता खरी गंमत ऐक. परवा, मृतांच्या सणानंतर, आम्ही गेलो तर फटीपाशी बरणीचं पत्र्याचं झाकण होतं आणि त्यात जळून गेलेली मेणबत्ती. मेण अजून मऊ होतं. त्या दिवशी सगळा गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, ते ठीक. पण टेकडीवर कोण पुरलंय?

मी श्टेफान काकांना सहज विचारलं, बर्चच्या पलीकडे कुणाचं बीळ होतं हो? तर ते इतके भडकले की हातातला पाव खाली ठेवला. म्हणाले, "तिकडे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." काका माझ्यावर कधी ओरडत नाहीत, तुला माहीत आहे. बाबांचे मोठे भाऊ असले तरी बाबांपेक्षा मवाळ.

बाबांचं पत्र अजून नाही. मार्चमध्ये डेट्रॉइटला गेले ते गेलेच. काका म्हणतात, मोटारीच्या कारखान्यात पाळ्या फार असतात. यांको दर रविवारी त्यांना चित्र काढतो, आई ते पाकिटात घालते. मी एकदा विचारलं, पत्ता काय घालतेस? ती म्हणाली, "काकांना माहीत आहे पत्ता."

मेणबत्ती कुणी लावली असेल? तू हुशार आहेस. सांग.

तुझी,
वेरोना

*

फिलाडेल्फिया
१९ नोव्हेंबर १९३३

लाडके वेरोना,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि दूध उतू गेलं. मी जिच्या घरी कामाला आहे त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इरमा, गावाकडे काही वाईट झालं का?" मी म्हटलं, नाही बाई, आमची टेकडी श्वास घेतेय. त्यांनी मला त्या दिवशी लवकर झोपायला पाठवलं!

आता मेणबत्तीचं. मला विचारशील तर हे प्रेमप्रकरण आहे. आमच्या वेळी बर्चच्या झाडांपलीकडे जायचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असायचं. कुणीतरी पोरगी लपूनछपून तिथे जात असणार, कुणाची तरी वाट बघत. श्टेफानभाऊंचा राग म्हणजे त्यांना ते ठाऊक आहे आणि ते कुणाला तरी झाकताहेत. एवढ्यात बर्फ पडेल. बर्फ पडला की पावलं बघ. पावलं खोटं बोलत नाहीत. आणि मला सगळं लिही, काही गाळू नकोस. इथे चांदीचे चमचे पुसण्यापलीकडे माझ्या आयुष्यात काही घडत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेत नाही. मातुश भावोजींचं पत्र नाही, हे मला आवडलेलं नाही. पाळ्या सगळ्यांनाच असतात. माणसाला दोन ओळी खरडायला किती वेळ लागतो? खरं सांगू, मला त्यांचा राग आलाय. इथल्या आपल्या चर्चमध्ये एका बाईचा भाऊ डेट्रॉइटलाच आहे. त्याला मी भावोजींची चौकशी करायला सांगितलंय. तिथे आपली माणसं एकमेकांना धरून राहतात, सापडतील. सापडले की मी त्यांना असं पत्र लिहीन की कान लाल होतील.

ताईला यातलं काही बोलू नकोस. तिची तब्येत कशी आहे? तिचं पत्र आलं की त्यात हवापाण्याशिवाय काही नसतं.

यांकोला एक पापी. राक्षसालाही.

तुझी,
इरमा मावशी

*

टॅनर्स गॅप
२८ डिसेंबर १९३३

प्रिय मावशी,

मला कळलं! डेट्रॉइटला चौकशी करू नकोस. ज्याला सांगितलंयस त्याला थांबव. बाबा डेट्रॉइटला नाहीत.

नीट सांगते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. म्हणजे आम्ही तिघं आणि पलीकडच्या दारातून आलेले काका. आईने सगळं केलं होतं, कोबी नि अळंब्यांचं आंबट सार, मधाच्या पापड्या, खसखशीचे गोळे. साखर थोडी कमी होती, पण केलं होतं. आणि यंदा तिने एक ताट जास्तीचं मांडलं. यांकोने विचारलं, "हे कुणाचं?" आई म्हणाली, "वाटसरूचं." काकांनी ताटाकडे पाहिलं आणि ते पाणी प्यायला उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. आईने त्या ताटात सगळं वाढलं. गोळे तर आमच्यापेक्षा जास्त.

सकाळी ताट धुऊन उपडं घातलेलं. आणि वाटसरू तर कुणी आला नव्हता.

रात्रभर बर्फ पडला होता. दुपारी मी यांकोला घेऊन टेकडीवर गेले. तू सांगितलंस तशी पावलं बघितली. एकाच माणसाची पावलं होती, वर गेलेली आणि खाली आलेली. मावशी, डाव्या पायाच्या टाचेवर मोटारीच्या टायरची नक्षी होती. आईच्या बुटाला काकांनी टायरचा तुकडा ठोकून दिलाय. गावात तसा बूट दुसऱ्या कुणाचा नाही. पावलं थेट फटीपाशी गेली होती. तिथे बर्फ वितळलेला, शेवाळ ओलं, आणि दगडावर खसखशीचे दोन दाणे.

मी तिथेच बसले. आणि मला सगळं दिसलं, एकदम.

मार्चमध्ये खाण कंपनीचं खोदायचं यंत्र कुणीतरी जाळलं होतं, आठवतंय? आईने लिहिलं असेल तुला. त्यानंतर शिपाई घराघरांत फिरले. आणि त्याच महिन्यात बाबा गेले. मला न भेटता! बाबा मला न भेटता दुकानातही जात नाहीत. ते डेट्रॉइटला गेलेच नाहीत. यंत्र त्यांनीच जाळलं असणार, आणि काका नि आईने त्यांना टेकडीच्या पोटात लपवलंय. आत जुन्या खाणीचे मैलमैल रस्ते आहेत, ऊब आहे, पाणी आहे. आई त्यांना जेवण नेते. मेणबत्तीही त्यासाठीच. तो श्वास टेकडीचा नाहीच!

मी यांकोला सांगितलं. त्याच्याकडून शपथ घेतली. तो नाचायला लागला, मग एकदम गप्प झाला आणि म्हणाला, "बाबांचे हात गारठत असतील." त्याने आपला एक हातमोजा काढून फटीत टाकला. दुसराही टाकत होता, मी धरला. मग आम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या वाटचे गोळे घेऊन गेलो आणि एकेक करून आत सोडले. कान लावून ऐकलं. खाली पडल्याचा आवाज आला नाही. एकाचाही नाही. म्हणजे कुणीतरी झेलले असणार ना?

मी "बाबा" म्हणून हाक मारली नाही. शिपाई ऐकतील म्हणून. पण यांकोने फटीत तोंड घालून हळूच सांगितलं की माझा दात पडला.

मावशी, मला इतकं हलकं वाटतंय. आईवर मी मनातून चिडले होते, की ती बाबांचं नाव काढत नाही. आता कळतं, ती किती धीराची आहे. तिला मी कळू देत नाही की मला माहीत आहे. तूही देऊ नकोस.

तुझी,
वेरोना

*

फिलाडेल्फिया
२० जानेवारी १९३४

प्रिय वेरोना,

पत्राला उशीर झाला. घरात पाहुणे होते.

मी पूर्वी जे काही गमतीत लिहिलं ते विसरून जा. त्या जागी यापुढे जायचं नाही. जुन्या बिळांवरची जमीन पोकळ असते, आमच्या लहानपणी एक गाय अशीच खाली गेली होती. यांकोला तर मुळीच न्यायचं नाही. शपथ घाल म्हटलं तर घालते.

तुझे बाबा डेट्रॉइटलाच आहेत. काका सांगतात तेच खरं. शहर मोठं आहे, त्या माणसाला पत्ता लागला नाही, एवढंच. यांकोच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नकोस, तो लहान आहे.

सोबत त्याला हातमोज्यांचा जोड पाठवतेय. अभ्यास कर. आईला कामात मदत कर, तिला एकटीला सगळं ओढावं लागतं.

इरमा मावशी

*

टॅनर्स गॅप
२५ फेब्रुवारी १९३४

इरमा मावशी,

आधी तू म्हणालीस, सगळं लिही, काही गाळू नकोस. मग म्हणालीस, विसरून जा. तुझ्या पत्रात एकही विनोद नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला भीती वाटायला लागली. तू बाबांवर चिडलेलीही नव्हतीस. आधीच्या पत्रात कान लाल करणार होतीस.

म्हणून मी काकांकडे गेले. शनिवारी दुपारी ते मागच्या छपरात कोळसा चाळत होते. मी विचारलं, "काका, बाबांना जेवण तुम्हीही नेता का?"

"कुठे?"

"टेकडीत."

चाळण थांबली. म्हणाले, "कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. आईच्या बुटांचे ठसे होते. मी कुणाला सांगणार नाही काका. आम्ही पण खसखशीचे गोळे टाकले खाली. यांकोने हातमोजा टाकलाय."

"गोळे टाकलेस?"

"हो. त्यांनी झेलले."

काकांनी दोन्ही हात तोंडावर धरले. हात काळे, तोंड काळं. ते उलट्या बादलीवर बसले आणि मला वाटलं त्यांना खोकल्याची उबळ आलीय. खोकला नव्हता.

"वेरोना," म्हणाले, "तिथे जेवणारं कुणी नाही गं."

मी उभीच राहिले. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण ते सांगत गेले. ते बीळ त्यांचंच होतं. बाबा, काका आणि व्रबेलांचा ओन्द्रेय, तिघांचं. मार्चमधला गुरुवार. बाबा सगळ्यांत आत होते. छत बसलं. काका नि ओन्द्रेय तोंडाशी होते म्हणून निघाले.

मी विचारलं, "बाबांना खूप लागलं का?"

"लगेच गेला तो. काही कळलंसुद्धा नसेल त्याला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"खणलं. जेवढं खणायचो तेवढं वरून यायचं. रविवारपर्यंत खणत होतो."

मावशी, मी म्हटलं, "लगेच गेले हे ठाऊक होतं, तर रविवारपर्यंत का खणत होता?"

काकांनी चाळण उचलली. रिकामीच हलवत राहिले.

मी विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही, फादरना, कुणालाच? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं सुरुंग घेऊन आली असती. टेकडीवरची सगळीच्या सगळी बिळं उडवली असती. गावात चुली कशावर पेटतात, बघतेस ना? मी तुझ्या आईपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तू सांगशील ते करतो. ती म्हणाली, तो तर आता येत नाही, मग दुसऱ्यांची पोरं कशाला उपाशी मारायची."

म्हणजे आईने ठरवलं. गावातल्या किती जणांना माहीत आहे? मला वाटतं सगळ्यांना. दुकानदारीण मला नेहमी एक बिस्किट जास्त देते. मला वाटायचं मी तिला आवडते.

घरी आले तर आई पीठ मळत होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मीही बघितलं. मला ओरडायचं होतं, की मी त्यांच्या अंगावर उभी राहून हसत होते, आणि तू मला हसू दिलंस. पण मी हात धुऊन आले. तिने पिठाचा निम्मा गोळा तोडून माझ्यापुढे ठेवला आणि आम्ही दोघी मळत बसलो.

यांको काल पुन्हा चित्र काढत होता. बाबांना त्याने मोटारीत बसवलंय.

तुला माहीत होतं का? कधीपासून?

वेरोना

*

फिलाडेल्फिया
११ मार्च १९३४

माझ्या वेरोना,

नोव्हेंबरात मला काही माहीत नव्हतं. डेट्रॉइटच्या माणसाला मी खरोखरच चौकशीला लावलं होतं. भावोजींना शिव्याही खरोखरच दिल्या होत्या, त्या आता मला रोज ऐकू येतात.

जानेवारीत चर्चबाहेर ओन्द्रेय भेटला. तो इथे बंदरावर कामाला आलाय, गावात त्याला राहवत नव्हतं म्हणे. मी हसत हसत म्हटलं, "काय ओन्द्रेय, आमच्या मातुश भावोजींची काही खबर?" तर त्याने डोक्यावरची टोपी काढली. भर थंडीत, रस्त्यात. टोपी हातात घेऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळलं. मग आम्ही चालत नदीपर्यंत गेलो. तो बरंच बोलला. सगळं मी लिहिणार नाही.

तू काकांना जे विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस. भाऊ भावासाठी खणतोच, रविवारपर्यंत काय, आठवडाभर खणेल. काका सांगतात तेच धरून चाल.

मी तुला गप्प बसायला सांगितलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. पण आता पुन्हा तेच सांगतेय. ताईने हे वर्षभर एकटीने पोटात ठेवलंय. नवऱ्यासाठी घंटा वाजली नाही, काळं नेसता आलं नाही, रडायचं तर बर्फातून टेकडीवर जावं लागलं. तिच्यावर रागाव, तो तुझा हक्क आहे. पण तिचं एवढं सगळं वाया जाऊ देऊ नकोस. यांकोला मोठा होईपर्यंत सांगू नये असं मला वाटतं. मला वाटतं, एवढंच. मी तिथे नाही, तू आहेस.

तुला बारा वर्षांच्या मुलीसारखं पत्र आता कसं लिहायचं, ते मला कळत नाहीये.

तुझी,
इरमा

*

टॅनर्स गॅप
२७ मे १९३४

इरमे,

वेरोना लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. तिच्यावर रागावू नकोस. मला लिहायची सवय नाही, हवापाण्यापुढे माझं पत्र जात नाही, असं तूच म्हणायचीस. यात हवापाणी नाही.

वेरोनाने यांकोला सांगितलं. एप्रिलमध्ये तो पोरगा डेट्रॉइटला जायचं म्हणून मालगाडीच्या डब्यात चढून बसला होता. पुढच्या स्टेशनावर गार्डाने उतरवला आणि आणून सोडला. त्याच्या खिशात पावाचा तुकडा होता आणि चित्रं होती. दुसऱ्या दिवशी वेरोनाने त्याला अंगणात बसवून सांगितलं, मला न विचारता. मी खिडकीतून बघत होते. तिचं तोंड हलताना बघितलं आणि मला कळलं ती काय सांगतेय. मी बाहेर जाऊन तिला थांबवू शकले असते. नाही गेले. मला बरं वाटलं, इरमे. ते माझ्या तोंडून सांगवत नव्हतं, आणि ते झालं.

मग जे व्हायचं ते झालं. शाळेत बाईंनी मुलांना विचारलं, वडील काय करतात. यांको उभा राहिला आणि म्हणाला, "माझे बाबा काकांच्या बिळात मेलेत, टेकडीवर." बाई वाईट नाही. तिने घरी नवऱ्याला सांगितलं, रडत सांगितलं असेल. नवरा कंपनीच्या कचेरीत आहे. दोन दिवसांत निरोप आला, की सोमवारी टेकडीवरची बिळं उडवणार.

शुक्रवारी संध्याकाळी दारापुढे माणसं जमली. मी दोन्ही पोरांना मागच्या खोलीत पाठवलं आणि दार उघडलं. म्हटलं, शिव्या द्यायच्या तर मला द्या, लेकरांना नको. म्हातारा व्रबेल पुढे होता, ओन्द्रेयचा बाप. हातात फावडं. तो म्हणाला, "पावलीना, कुठल्या बाजूने खणायचं ते श्टेफानला विचारायला आलोय. तो घरात नाही. टेकडीवरच आहे का?"

मी नुसती मान हलवली.

सगळे आले नाहीत. कित्येकांनी ते दोन दिवस आपापल्या बिळातून मिळेल तेवढा कोळसा काढला, आणि त्यांना मी काही म्हणणार नाही, त्यांच्या घरात पोरं आहेत. पण जे आले त्यांनी आपला कोळसा सोडला आणि मातुशसाठी खणलं. बायकांनी कॉफीच्या किटल्या वर नेल्या. जी गोष्ट वर्षभर कुणी तोंडातून काढली नाही, ती आता सगळे मोठ्याने बोलत होते. कुणी सांगत होतं, तो कसं गायचा. कुणी सांगत होतं, पत्त्यांत कसा फसवायचा. मी ऐकत होते. इतक्या दिवसांनी त्याचं नाव ऐकलं.

रविवारी प्रार्थनेनंतर तो सापडला.

श्टेफान भाऊजींनी पेटी तिथेच, बिळाच्या छपराखाली बंद करायला घेतली. मला बघू दिलं नाही. म्हणाले, "पावलीना, तुझ्या मनात जसा आहे तसा राहू दे." मी ऐकलं. वेरोनाने ऐकलं नाही. ती त्यांच्या हाताखालून आत गेली. भाऊजी तिच्यामागे धावले, पण मग थांबले. ती फार वेळ आत नव्हती. बाहेर आली तेव्हा तिने केसांवरचा रुमाल काढून पुन्हा बांधला, बाई माणूस बांधते तसा, घट्ट.

संध्याकाळी घंटा वाजली. फादरनी सगळं रीतसर केलं. सोमवारी सुरुंग लागले. आमच्या फळीवरच्या बश्या हलल्या, एक फुटली. दिवसभर ते चाललं. आता टेकडीवर नुसता दगडांचा ढीग आहे.

पुढचं काय ते माहीत नाही. दोन घरं तर गाव सोडून गेली. दुकानात काही बायका मला जागा देतात, काही तोंड फिरवतात. वेरोनाने शाळा सोडली. खालच्या गावात शर्टांचा कारखाना आहे, तिथे बटणं लावायला जाते. वय चौदा सांगितलंय. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "आई, कोळसा आता नाही." यांको गप्प आहे, पण जेवतो. चित्रं काढत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची म्हणून हे सगळं लिहिलं. मातुश गेला त्या गुरुवारी भाऊजी माझ्यापुढे आले नि म्हणाले, लगेच गेला. मी विश्वास ठेवला. त्या विश्वासावर मी गप्प राहिले. तो आत जिवंत असताना मी गप्प राहिले असा विचार मी कधी मनात येऊ दिला नाही. पण पेटी मातीत गेल्यावर तो विचार आलाच. घरी परतताना मी वेरोनाला थांबवलं आणि विचारलं, "तू बघितलंस. खरं सांग. तो कसा होता?"

ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "लगेच गेले बाबा. त्यांना काही कळलंसुद्धा नाही."

शब्द न् शब्द भाऊजींचे. तिने माझा हात धरला होता आणि तिचा हात बर्फासारखा होता. इरमे, लहान असताना ही मुलगी खोटं बोलायची तेव्हा आधी खाली बघायची, मग हसायची. मी कायम पकडायचे. या वेळी तिने पापणीही हलवली नाही.

मी म्हटलं, बरं.

तुलाही काही ठाऊक असेल, कुणी काही सांगितलं असेल, तर मला लिहू नकोस.

तुझी ताई,
पावलीना